नॉर्थ मेलबर्न वर कधी येणार? मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नमध्ये नवीन आलेल्या मराठी माणसाला ऑफिसात पहिल्या आठवड्यातच विचारतात, ‘तुझी टीम कुठली?’ तो बिचारा मुंबई इंडियन्स सांगतो आणि समोरचा हसतो. मग तो माणूस आमच्या घरी जेवायला येतो, माझ्या डोक्यावरची नॉर्थ मेलबर्न या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधल्या (एएफएल) क्लबाची निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची टोपी बघतो आणि प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं तीच ती उत्तरं देऊन मी थकलोय, म्हणून एकदाची लिहून काढतो. २०२६ चा हंगाम सुरू व्हायच्या आधी लिहितोय, त्यामुळे आशा अजून शिल्लक आहे. मी पक्का नॉर्थवाला आहे, निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नये.

हा फुटबॉल म्हणजे नक्की काय? रग्बी का?

नाही. रग्बी म्हणालात तर इथे लोक चहा देणार नाहीत. मैदान क्रिकेटचं, लंबगोल. एका बाजूला १८ जण. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या खांबांतून गेला की ‘बिहाइंड’, १ गुण. चेंडू लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून द्यायचा, फेकायचा नाही. लांबून मारलेला चेंडू कोणी हवेत झेलला की तो ‘मार्क’, मग त्याला निवांत लाथ मारायला मिळते. गुणफलक १२.८ (८०) असा लिहितात, म्हणजे १२ गोल, ८ बिहाइंड, एकूण ८०. बाकीचं बघता बघता कळतं. मला दोन वर्षं लागली.

बॉक्सिंग डे कसोटीचं एमसीजी आपल्या सगळ्यांना माहीत असतं. तेच मैदान हिवाळ्यात या खेळाचं असतं आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तिथेच ग्रँड फायनल होते.

इतके क्लब सोडून नॉर्थच का?

घरभाडं. २००९ मध्ये आलो तेव्हा आर्डन स्ट्रीटपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्या मिळाल्या. सकाळी दूध आणायला गेलं की तिथल्या मैदानावर नॉर्थचा सराव चाललेला दिसायचा. शेजारी एक ग्रीक आजोबा राहायचे. त्यांनी पहिल्या हिवाळ्यात मला त्यांचा जुना मफलर दिला आणि सांगितलं की आता सुटका नाही. मला वाटलं थंडीबद्दल बोलतायत.

क्लब १८६९ चा आहे. हा सगळा भाग पूर्वी कत्तलखान्यांचा आणि कामगारांचा. नॉर्थच्या लोकांना ‘शिनबोनर’ म्हणतात, म्हणजे नडगीच्या हाडाचे. एक कथा अशी, की खाटीक सामन्याच्या दिवशी दुकानात नडगीच्या हाडाला निळी-पांढरी फीत बांधून टांगायचे. दुसरी कथा अशी, की हे लोक समोरच्याच्या नडगीवर लाथा घालायचे. ग्रीक आजोबांना दोन्ही खऱ्या वाटायच्या.

शिवाय क्लबच्या आवारात ‘द हडल’ नावाचा उपक्रम चालतो. बाहेरून आलेल्या आणि निर्वासित कुटुंबांतल्या मुलांना तिथे अभ्यासाला बसवतात, नोकरीचा अर्ज भरायला शिकवतात. बाहेरून आलेल्या माणसाला या क्लबात परकं वाटत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

नॉर्थ खरंच इतकी वाईट आहे का?

आकडे सांगतो, पाणी पिऊन वाचा.

२०२० मध्ये ३ विजय, १७ वा क्रमांक. २०२१ मध्ये ४ विजय आणि एक बरोबरी, तळाला. २०२२ मध्ये २ विजय, पुन्हा तळाला. २०२३ आणि २०२४ मध्ये प्रत्येकी ३ विजय, दोन्ही वेळा १७ वा. २०२५ मध्ये ५ विजय, एक बरोबरी, १६ वा. संघ एकूण १८. म्हणजे सहा हंगामांत १३० सामने आणि २० विजय. तळाला राहणाऱ्याला इथे ‘वूडन स्पून’ मिळतो म्हणतात. लाकडी चमचा प्रत्यक्षात कोणी देत नाही, पण मंडळातल्या एका महाभागाने गणपतीत मला खरोखरचा पळा आणून दिला होता, वरण वाढायला. अजून वापरात आहे.

दर रविवारी संध्याकाळी आईचा सांगलीहून फोन येतो. पूर्वी विचारायची, ‘तुमची टीम जिंकली का रे?’ आता विचारते, ‘कितीने?’

पण ही वेळ आलीच कशी?

यावर मी दोन तास बोलू शकतो. बायको ऐकून उठून जाते, तुम्ही वाचताय म्हणून थोडक्यात.

२०१४ आणि २०१५ मध्ये नॉर्थ उपांत्य फेरीपर्यंत गेली होती, फायनलच्या एक पाऊल अलीकडे. २०१६ मध्ये पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले. मग गाडी घसरली, आठव्या क्रमांकावरून कसंबसं बाद फेरीत गेलो आणि पहिल्याच सामन्यात बाहेर. त्याच हंगामात क्लबने चार ज्येष्ठांना सांगितलं की पुढच्या वर्षी तुम्ही नाही. त्यात ब्रेंट हार्वी होता, ४३२ सामने खेळलेला, म्हणजे लीगच्या इतिहासातला तोवरचा विक्रम. ड्रू पेट्री, निक डाल सँटो, मायकेल फिरिटो हे बाकीचे तिघे. तेव्हापासून आजवर नॉर्थ बाद फेरीत पोचलेली नाही.

म्हाताऱ्यांना निरोप देणं चूक नव्हतं. पुढे जे झालं ते चुकलं. २०१७ मध्ये रिचमंडच्या डस्टिन मार्टिनला आणायचा प्रयत्न झाला. तो रिचमंडलाच राहिला आणि त्याच वर्षी चषक जिंकून ग्रँड फायनलचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. २०१९ मध्ये मधेच प्रशिक्षक ब्रॅड स्कॉट गेला. राइस शॉ आला, २०२० नंतर तोही गेला. आणि त्या वर्षअखेर क्लबने एका दमात ११ खेळाडूंना नारळ दिला. वर बेन ब्राउनसारखा सलग तीन वर्षं ६० च्या वर गोल मारणारा माणूस ‘मेलबर्न’ याच नावाच्या दुसऱ्या क्लबाला गेला, शॉन हिगिन्स जिलाँगला गेला, वर्षभराने बचावातला रॉबी टॅरंट रिचमंडला. ब्राउनने मेलबर्नला जाऊन पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये चषक उचलला. मी टीव्ही बंद केला नाही, पण आवाज बंद केला होता.

घरात आजोबा आहेत, नातवंडं आहेत आणि कमावता मुलगाच नाही, अशी नॉर्थची अवस्था झाली. पंचवीस ते तीस वयाची जी मधली फळी लागते, जी शरीराने तयार असते आणि जिने मार खाल्लेला असतो, ती आपण एका झटक्यात रिकामी केली. बाकी सगळी दुखणी मला याच एका दुखण्याची पिल्लं वाटतात.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना?

नाही, उलट. आयपीएलमध्ये पैसा बोलतो. इथे नंबर बोलतो. दर नोव्हेंबरला अठरा वर्षांची मुलं रांगेत उभी असतात आणि जो संघ तळाला राहिला त्याला पहिली निवड मिळते, मग त्याच्या वरच्याला, असं करत विजेता शेवटी. त्या नंबराला ‘पिक’ म्हणतात. मुलाला विचारत नाहीत कुठे जायचंय. ॲडिलेडचं पोरगं ब्रिस्बेनला जातं, आईवडील विमानतळावर रडतात. पगाराला वरची मर्यादा सगळ्यांना सारखी, साधारण आयपीएलच्या ‘पर्स’सारखी. पिक विकता, बदलता येतात, पुढच्या वर्षीचेसुद्धा. ऑक्टोबरात हा बाजार भरतो, त्याला ट्रेड म्हणतात, आणि त्या दहा-बारा दिवसांत मी ऑफिसात फारसा उपयोगाचा नसतो.

यात गोम अशी, की एखाद्या माजी खेळाडूचा मुलगा असेल तर तो वडिलांच्या क्लबात जाऊ शकतो, आणि काही क्लबांच्या स्वतःच्या अकादमी आहेत. म्हणजे तळाला राहूनही पहिलं पोरगं तुम्हालाच मिळेल अशी खात्री नाही. २०२२ मध्ये विल ॲशक्रॉफ्ट असाच वडिलांच्या वाटेने ब्रिस्बेनला गेला. पुढे दोन चषक.

तो पहिल्या नंबरचा मुलगा एका वर्षात पळाला, तो किस्सा काय?

जेसन हॉर्न-फ्रान्सिस. २०२१ च्या ड्राफ्टमधला पहिला. एक वर्ष खेळला, २ विजय बघितले, आणि म्हणाला मला घरी, ॲडिलेडला जायचंय. पोर्ट ॲडिलेडने घेतला.

लोक यावरून नॉर्थला हसतात. मला तो क्लबने गेल्या दहा वर्षांत केलेला सगळ्यात शहाणा व्यवहार वाटतो. चार क्लबांच्या त्या गुंतागुंतीच्या ट्रेडमध्ये नॉर्थने तो मुलगा आणि आपला १ नंबरचा पिक दिला आणि २ व ३ नंबरचे पिक घेतले. ड्राफ्टच्या दिवशी मधे ॲशक्रॉफ्ट घुसल्याने ते एकेक घर खाली सरकले आणि त्यांतून हॅरी शीझल आणि जॉर्ज वॉर्डलॉ आले. शीझलने पहिल्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदित हा मान मिळवला आणि क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. अजून विशीही न गाठलेला पोरगा! हे कौतुक त्याचं आहेच, पण बाकीच्यांची लाजही त्यात आहे.

हॉर्न-फ्रान्सिसवर माझा राग नाही. अठराव्या वर्षी मी सांगलीहून पुण्याला गेलो होतो आणि दर शुक्रवारी एसटी पकडायचो.

सध्या संघात चांगलं काय आहे?

मैदानाचा मधला पट्टा. लूक डेव्हिस-युनिअ‍ॅक, २०१७ चा ४ नंबर. उंच, दांडगा, चेंडू हातात आला की दोन जणांना अंगावर घेऊन निघतो. शीझल कुठेही ठेवा, तीस वेळा चेंडू मिळवतो. वॉर्डलॉ धडका मारायला भीत नाही, फक्त स्नायू सारखे दुखावतात. २०२३ मधले कोल्बी मकरकर आणि झेन डर्स्मा, २०२४ मधला फिन ओ’सुलिव्हन, हे २, ४ आणि २ नंबरचे पिक. मकरकर पळायला लागला की स्टेडियमचा आवाज बदलतो, हे मी स्वतः ऐकलंय.

पण माझे दोन लाडके वेगळेच आहेत. पुढच्या फळीतला निक लार्की ७३ व्या नंबरवर आला होता. २०२३ मध्ये त्याने ७१ गोल मारले, तेही फक्त ३ सामने जिंकणाऱ्या संघाकडून. ते म्हणजे दुष्काळी तालुक्यात ऊस पिकवण्यासारखं आहे. आणि चेंडू वर उडवला की त्यासाठी उडी मारणारा रकमन ट्रिस्टन झेरी, नंबर ७२. ड्राफ्टला लॉटरी म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे पाठ करून ठेवायला सांगतो. मोठे पिक मिळवायला हरावं लागतं. ७२ आणि ७३ नंबरची माणसं घडवायला फक्त चांगले शिक्षक आणि थोडा दम लागतो.

एवढी पोरं चांगली आहेत, तर मग हरता का?

१६ जून २०२४, रविवार दुपार, डॉकलंड्सचं छपराचं स्टेडियम. समोर कॉलिंगवूड, आदल्या वर्षीचा विजेता. मी, मुलगी आणि डब्यात दडपे पोहे. तिसऱ्या मजल्यावरची स्वस्तातली जागा. नॉर्थचे गोल पडतायत, पडतायत, आघाडी ५४ गुणांवर गेली. नऊ गोलांची! आजूबाजूचे अनोळखी लोक एकमेकांना टाळ्या देतायत. मुलगी वहीत गुण लिहायची, तिने पान उलटलं आणि वर मोठ्या अक्षरात ‘जिंकलो’ लिहून ठेवलं.

मग गळती लागली. एक गोल, दोन, चार. आपली पोरं चेंडू मिळवायची, पण तो हरवला की मागे कोणी नसायचं. सगळे चेंडूच्या पुढे. कॉलिंगवूडवाले मोकळ्या मैदानातून शिंपी कापड कापतो तसे निघायचे. आघाडी तीसवर आली तेव्हा माझ्या शेजारचा म्हातारा उठून गेला. त्याने हे पूर्वी पाहिलं असणार. शेवटी १ गुणाने हरलो. अखेरच्या क्षणी पंचांनी एक दंड दिला नाही त्यावर आठवडाभर चर्चा झाली. मी त्यात पडत नाही. ५४ गुणांची आघाडी पंचांनी घालवली नव्हती.

‘जिंकलो’ वर मुलीने नंतर एक लहानसं ‘असतो’ जोडलं. ती वही माझ्या कपाटात आहे.

त्या दिवशी जे दिसलं तेच नॉर्थचं दुखणं. चेंडू मिळवणं हे गुणी पोराला शिकवावं लागत नाही. चेंडू गेल्यावर माघारी धावणं, कोणी कोणाला धरायचं हे ओरडून सांगणं, पन्नास गुणांची आघाडी असताना खेळ संथ करून घड्याळ मारणं, हे शेजारी उभा असलेला सत्तावीस वर्षांचा माणूस शिकवतो. तोच नाही. गेली काही वर्षं नॉर्थचा बचाव लीगमधल्या सगळ्यात गळक्या बचावांपैकी आहे. बचावातला बेन मॅकाय २०२३ नंतर एसेंडनला गेला. ग्रिफिन लोगला फ्रीमँटलहून आणलं, अगदी हव्या त्या वयाचा, तर २०२३ मध्येच त्याचा गुडघा गेला. याला नशीब म्हणा. चार्ली कॉम्बेनला पुढून मागे आणून बचावात उभा केला ही मात्र नशिबाची नाही, डोक्याची गोष्ट, आणि तो तिथे शोभतोय.

क्लार्कसन इतका मोठा प्रशिक्षक, त्याने काय दिवे लावले?

ॲलिस्टर क्लार्कसनने हॉथॉर्नला २००८, २०१३, २०१४, २०१५ असे चार चषक जिंकून दिले. स्वतः तरुणपणी नॉर्थकडूनच खेळला. ऑगस्ट २०२२ मध्ये पाच वर्षांचा करार करून आला. त्याच वर्षी जुलैत आधीचा प्रशिक्षक डेव्हिड नोबल गेला होता, बाकीचा हंगाम ली ॲडम्सने सांभाळला होता. क्लार्कसन २०२३ मध्ये मे ते ऑगस्ट स्वतःच्या तब्येतीसाठी रजेवर होता, तेवढ्यात ब्रेट रॅटनने संघ चालवला. म्हणजे पोरांनी तीन वर्षांत इतके शिक्षक पाहिले की शाळेत पालकसभा बोलवावी लागली असती.

तीन हंगामांत ११ विजय हा निकाल वाईटच आहे, त्याला दुसरा शब्द नाही. पण माझी त्याच्याकडून तक्रार वेगळी आहे. तो हॉथॉर्नला गेला तेव्हा २००४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला रफहेड, फ्रँकलिन आणि लुईस मिळाले, २, ५ आणि ७ नंबरला. सगळे तेच सांगतात. पण तिथे शेन क्रॉफर्ड होता, वयाने वाढलेले आणखी काही होते, आणि तेविशीत नसतानाही चाळिशीच्या थाटात वागणारा लूक हॉज होता. नॉर्थमध्ये ते सामान नव्हतं, आणि ते आणायला क्लार्कसनने दोन वर्षं उशीर केला असं मला वाटतं.

२०२४ च्या अखेरीस सिडनीचा लूक पार्कर, वेस्ट कोस्टचा जॅक डार्लिंग, बुलडॉग्जचा केलेब डॅनियल आणले. डॅनियल योग्य वयाचा होता. बाकी दोघं बत्तिशीचे. म्हणजे पुन्हा आजोबाच! तरीही २०२५ मध्ये फरक दिसला हे मान्य करतो. त्या वर्षी ज्या ब्रिस्बेनने चषक जिंकला त्यांच्याशी आपण बरोबरी केली.

पुढच्या वर्षीचा पहिला पिक रिचमंडला देऊन टाकला, तो वेडेपणा नव्हता का?

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये मॅट व्हिटलॉक या उंच मुलासाठी २७ नंबर घ्यायला नॉर्थने २०२५ चा आपला पहिल्या फेरीचा पिक दिला. आमच्या गटात यावरून दोन भावांचं बोलणं बंद झालं होतं, ते पाडव्याला सुरू झालं.

माझं मत: कल्पना बरोबर, किंमत जास्त. आणखी एक अठरा वर्षांचा मधल्या पट्ट्यातला मुलगा घेऊन काही उपयोग नव्हता, उंच माणसाची गरज होती. पण १६ व्या क्रमांकाच्या संघाचा पिक म्हणजे सोनं. ते मोडून उंच माणूसच आणायचा होता तर पंचविशीतला आणायचा, आणखी एक पोरगा नव्हे.

दुसऱ्या क्लबांनी हे कसं जमवलं?

ब्रिस्बेन २०१७ मध्ये तळाला होती. लगेच लूक हॉजला निवृत्तीतून बाहेर काढून आणलं, पाठोपाठ फ्रीमँटलहून पंचवीस वर्षांचा लॅकी नील. २०१९ मध्ये गुणतक्त्यात दुसरी, २०२४ आणि २०२५ मध्ये विजेती. मेलबर्न २०१३ मध्ये २ सामने जिंकली होती. २०२१ मध्ये चषक आला तेव्हा बचावाचे दोन मुख्य खांब जेक लिव्हर आणि स्टीव्हन मे, दोघेही दुसऱ्या क्लबांतून आणलेले, तयार. हॉथॉर्नने २०२४ मध्ये पहिले पाच सामने हरून बाद फेरी गाठली आणि लगेच बाजारात जाऊन टॉम बॅरस आणि जोश बॅटल हे दोन तयार बचावपटू उचलले. २०२५ मध्ये उपांत्य फेरी.

उलटं उदाहरण गोल्ड कोस्ट. २०११ मध्ये आले, वर्षानुवर्षं मोठे पिक घेतले, पोरं मोठी झाली की निघून जायची. बाद फेरीत पहिल्यांदा पोचले २०२५ मध्ये.

आणि लांब कशाला जायचं, आमचंच उदाहरण आहे. १९७२ मध्ये नॉर्थने अख्ख्या हंगामात एक सामना जिंकला होता. त्याच सुमारास लीगने नियम केला की दहा वर्षं एका क्लबात झालेला खेळाडू मोकळा होऊ शकतो. नियम फार टिकला नाही, पण तेवढ्यात नॉर्थने बॅरी डेव्हिस, डग वेड आणि जॉन रँटल यांना गाठलं आणि प्रशिक्षक म्हणून रॉन बरासी आणला. घरचा कीथ ग्रेग होताच, त्याने १९७३ आणि १९७४ अशी दोन ब्राउनलो पदकं, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेतली. वेडने १९७४ मध्ये १०३ गोल मारले. १९७४ ला ग्रँड फायनल, १९७५ ला हॉथॉर्नला ५५ गुणांनी हरवून क्लबचा पहिला चषक. तळापासून चषकापर्यंत तीन वर्षं! ग्रीक आजोबा तो सामना सांगताना अजून उभे राहायचे, आणि माझा सगळा सिद्धांत खरं तर त्यांच्या ओसरीवरच तयार झालाय.

१९९० च्या दशकातली नॉर्थ म्हणे फार भारी होती?

होती. वेन कॅरी कर्णधार, १९९६ आणि १९९९ चे चषक. १९७५, १९७७ धरून एकूण चार. शुक्रवारी रात्रीचे सामने रुळवण्यात याच क्लबाचा हात होता. आता शुक्रवार रात्र आम्हाला क्वचित मिळते, लीगला प्रेक्षक हवे असतात.

क्लब बंद पडेल किंवा दुसरीकडे हलवतील अशी भीती आहे का?

२००७ मध्ये ती वेळ आली होती. लीगने गोल्ड कोस्टला जाण्यासाठी भरघोस पैसा देऊ केला होता. क्लबने नाही म्हटलं आणि आर्डन स्ट्रीटलाच राहिला. मी तेव्हा इथे नव्हतो, पण त्या डिसेंबरची गोष्ट इथले लोक शिवाजी महाराज आग्र्याहून सुटल्याच्या थाटात सांगतात. नंतर काही घरचे सामने होबार्टला खेळून पैसा उभा केला, २०२५ मध्ये दोन सामने पश्चिम ऑस्ट्रेलियात नेले, एक तर बनबरी या गावात. चाहत्याला ते आवडत नाही, पण बिलं भरावी लागतात. आता भीती वाटत नाही. मैदानाच्या दाराशी आर्डन नावाचं नवं भुयारी स्टेशन झालंय. माझं जुनं भाडं आता त्या गल्लीत पार्किंगला पुरणार नाही.

२०२८ मध्ये टास्मानिया येतेय, त्याने काय होईल?

नव्या संघाला ड्राफ्टमध्ये झुकतं माप मिळणार, म्हणजे तळाच्या संघांच्या वाट्याची चांगली पोरं तिकडे. जे तोवर वर आले ते सुटले. दुसरीकडे २०२६ पासून सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना ‘वाइल्डकार्ड’ सामने मिळणार, म्हणजे दहावा असलात तरी सप्टेंबरचं तोंड दिसू शकतं. शुद्धतावादी नाकं मुरडतायत. दहा वर्षं उपाशी असलेल्याने पंगतीतल्या मिठाची चर्चा करू नये.

जिंकणारी नॉर्थ बघायची असेल तर?

मग महिलांचा संघ बघा. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी चषक, दोन्ही वेळा फायनलमध्ये ब्रिस्बेनला हरवून, दोन्ही हंगामांत एकही पराभव नाही. जॅस्मिन गार्नर आणि ॲश रिडेल यांचा खेळ बघितला की कळतं, मधली फळी शाबूत असली की काय होतं. आमच्या घरात सध्या मुलीची टीम जिंकते आणि बाबांची हरते, अशी वाटणी आहे. ती तसं बोलूनही दाखवते.

मग शेवटी, नॉर्थ वर कधी?

माझा अंदाज असा. २०२६ मध्ये आठ-नऊ विजय. २०२७ मध्ये बाद फेरीच्या दारात, क्लार्कसनच्या कराराच्या शेवटच्या वर्षी. तोवर डेव्हिस-युनिअ‍ॅक, लार्की, झेरी हे अठ्ठावीस-तिशीच्या आसपास असतील आणि शीझल, वॉर्डलॉ, मकरकर बावीस-तेवीसचे. म्हणजे आपण विकत न घेता कमावता मुलगा घरातच मोठा झालेला असेल. त्यासाठी एकच अट आहे, यांतलं कोणी उठून जाता कामा नये. चषकाचं मी बोलत नाही. दशकाच्या शेवटी बोलू.

विजय मोजू नका, आपल्यावर किती गुण चढले ते मोजा. १०० च्या आत समोरच्याला रोखलं की मी त्या आठवड्यात खुश असतो, हरलो तरी. २०२६ मध्ये असे आठवडे वाढले नाहीत तर माझा अंदाज चुकला असं समजा आणि पुढच्या गणपतीला दुसरा पळा घेऊन या.

मी नवीन आहे. कोणती टीम धरू?

जिलाँग धरलीत तर सुखी व्हाल. कॉलिंगवूड धरलीत तर घरी येऊ नका. नॉर्थ धरायची असेल तर डॉकलंड्सचा सामना गाठा, सदर्न क्रॉस स्टेशनला उतरून पूल ओलांडला की समोर स्टेडियम. तिकीट आदल्या रात्रीही मिळतं, ती एक सोय आहे. छप्पर बंद असलं तरी जॅकेट आणा. मी तिसऱ्या मजल्यावर असतो, डब्यात दडपे पोहे, आणि मुलीकडे वही.